प्रति: सोनोग्राफीआधी पाणी किती प्यायचं?

या चर्चेत वर कुणीतरी 'जितकं जास्त पाणी, तितकं चित्र स्पष्ट' असं म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. ओटीपोटाच्या सोनोग्राफीत भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि ध्वनिलहरींना गर्भाशय किंवा प्रोस्टेटपर्यंत वाट मिळते. त्यासाठी साधारण लिटरभर साधं पाणी तासभर आधी पिऊन संपवायचं आणि लघवीला जायचं नाही, एवढं पुरतं. मूत्राशय फारच तुडुंब झालं तर वरून येणारी लघवी तुंबते, मूत्रपिंड किंचित फुगलेलं दिसतं आणि लघवी करून आल्यावर पुन्हा बघावं लागतं. त्यामुळे कळ असह्य झाली तर गप्प बसू नका, तिथे सांगा. सोडा किंवा कोल्ड्रिंक नकोच, वायूच्या पलीकडचं काही दिसत नाही.

पित्ताशयाचा विषय इथे आलेलाच नाही. ते बघायचं असेल तर सहा ते आठ तास काही खायचं नाही. बहुतेकांचं चुकतं ते सकाळच्या दुधाच्या चहात: स्निग्धांश पोटात गेला की पित्ताशय आकुंचन पावतं आणि मिटलेल्या पिशवीतले बारीक खडे तपासणीत नजरेतून निसटतात. साधं पाणी सहसा चालतं. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या, आणि त्या दिवशीच्या गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा.