केली कुलिक यांचा २०१० चा विजय

प्रश्न: टेनपिन बोलिंगमध्ये, म्हणजे चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडण्याच्या खेळात, केली कुलिक यांनी पुरुषांना हरवून विजेतेपद मिळवले, असे वाचले. तो एका दिवसाचा योग होता, की त्यामागे मोठी कारकीर्द होती?

प्रतिसाद १: योग मुळीच नव्हे. न्यू जर्सीच्या कुलिक यांनी २००३ मध्ये यूएस विमेन्स ओपन जिंकली. पण त्याच वर्षी महिलांची व्यावसायिक मालिका बंद पडली आणि ऐन उमेदीत हक्काचे व्यासपीठ गेले. वडिलांच्या गाड्या दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करतानाही त्यांनी खेळ सोडला नाही, आणि २००६ मध्ये पात्रता स्पर्धेतून पुरुषांच्या पीबीए (प्रोफेशनल बोलर्स असोसिएशन या अमेरिकी संघटनेच्या) मालिकेत पूर्ण हंगामाचे स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मला हाच टप्पा अधिक मोलाचा वाटतो.

प्रतिसाद २: अंतिम लढतीविषयी थोडे लिहितो. २४ जानेवारी २०१० रोजी लास वेगासमध्ये पीबीएच्या टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स स्पर्धेच्या त्या लढतीत समोर ख्रिस बार्न्स होते, आणि निकाल लागला २६५ विरुद्ध १९५. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडल्या, म्हणजे स्ट्राइक झाला, की पुढच्या दोन चेंडूंचे गुणही त्यात मिळतात. त्यामुळे ओळीने स्ट्राइक बसत गेले, तरच गुणसंख्या इतकी चढते. पीबीएची नियमित स्पर्धा जिंकणारी ही पहिलीच महिला!

प्रतिसाद ३: एक भर घालते. त्यानंतर २०१० आणि २०१२ मध्ये त्यांनी यूएस विमेन्स ओपन पुन्हा जिंकली. महिलांची मालिका मात्र २०१५ मध्येच पुन्हा सुरू झाली. मधली बारा वर्षे कितीतरी गुणी खेळाडूंच्या हातून निसटली, याचे फार वाईट वाटते.