चर्चा: अमेरिकेत मंदी आली तर आपल्याला काय फरक पडतो?

हिशेबनीस
बाहेर मंदीची कुणकुण लागली की आपल्याकडे लगेच रडारड सुरू होते. मला ती पटत नाही, आणि त्याला कारण २००८. १५ सप्टेंबरला अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षी अमेरिकेतली बेकारी १० टक्क्यांवर गेली. आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात कोसळल्या. आपली एकही मोठी बँक बुडाली नाही. वाढीचा दर ९ टक्क्यांवरून पावणेसातच्या आसपास उतरला, पण ती वाढच होती ना? शिवाय कच्चं तेल जुलैत पिंपाला १४७ डॉलर होतं, ते डिसेंबरात ४० च्या खाली. तेल विकत घेणाऱ्या देशाला आणखी काय हवं? सेन्सेक्स २१ हजारांवरून साडेआठ हजारांच्या घरात आला खरा, पण शेअर होते किती जणांकडे?

भोसरीकर
माझ्याकडे नव्हते. भोसरीत तीन लेथ आणि कर्जावर घेतलेली एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, होती. जड ट्रकच्या पार्टचं जॉबवर्क करायचो, माल पुढे अमेरिकेला जायचा. तिकडे लोकांनी घरं घेणं थांबवलं. घरं बांधायची नाहीत म्हटल्यावर लाकूड-सिमेंट वाहायला ट्रक कशाला, आणि ट्रक नको तर माझा पार्ट कशाला. ऑक्टोबरात ऑर्डरचं शेड्यूल निम्म्यावर आलं, डिसेंबरात फोन आला की तयार माल तुमच्याकडेच ठेवा. ४५ दिवसांनी मिळणारं पेमेंट १२० दिवसांवर गेलं. दिवाळीचा बोनस कसाबसा दिला, पण संक्रांतीपर्यंत सातांतले चार गडी गावी गेले होते. ते तुमच्या पावणेसात टक्क्यांत कुठे बसतात?

हिशेबनीस
वाईट वाटलं, खरंच. पण निर्यातीवर उभ्या असलेल्या धंद्याला झळ बसणारच. मी देशाचं बोलतोय.

वराछा_रोड
सुरतेत राहतो, म्हणून सांगतो. हिऱ्याचा धंदा उधारीवर आणि शब्दावर चालतो. घासलेल्या हिऱ्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. दिवाळीची सुट्टी इथे दरवर्षीच लांब असते. त्या वर्षी सुट्टी संपली आणि कितीतरी कारखान्यांची शटर वर गेलीच नाहीत. कारागीर बायकापोरांसह सौराष्ट्रात परतले. यातल्या बहुतेकांनी अमेरिकेतल्या बँकेचं नावही ऐकलं नव्हतं.

बोटीवरचा
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली. नुसती मागणी कमी झाली नव्हती, पत आटली होती. मालाची बोट निघण्याआधी घेणाऱ्याची बँक लेटर ऑफ क्रेडिट देते, म्हणजे पैशाची हमी. त्या हिवाळ्यात बँका एकमेकींच्या कागदावर विश्वास ठेवेनात. माल आहे, घेणारा आहे, हमी नाही, म्हणून बोट धक्क्यावर. कोळसा-खनिजासारख्या कोरड्या मालाच्या बोटभाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक मे २००८ मध्ये ११ हजारांच्या वर होता, डिसेंबरात ७०० च्याही खाली. सिंगापूरच्या आसपास रिकामी जहाजं नांगर टाकून उभी असायची. २००९ मध्ये जगाचा व्यापार साधारण १२ टक्क्यांनी आकसला. माझं पुढचं कॉन्ट्रॅक्ट आठ महिने आलं नाही, मी रत्नागिरीत घरी.
(सुगी झाली ती गुजरातेतल्या अलंगच्या भंगारवाल्यांची. मिळेल त्या भाड्यात बोट चालवणं परवडेना म्हणून मालकांनी जुन्या बोटी तोडायला काढल्या.)

हिशेबनीस
म्हणजे कुणाचं नुकसान, कुणाचा फायदा, हेच तर म्हणतोय! गोव्याचं लोखंडाचं खनिज बघा. गिऱ्हाईक चीन, आणि चीनने ४ लाख कोटी युआन ओतून बांधकामं काढली. माल जातच राहिला. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ऑक्टोबर २००८ मधल्या ९ टक्क्यांवरून एप्रिलपर्यंत पावणेपाचवर आणला, सरकारने कारखान्यातल्या मालावरचा अबकारी कर उतरवला.

उलटतपासणी
सहा महिन्यांत व्याजदर जवळपास निम्मा! आजारच नव्हता तर एवढं औषध कोणाला पाजलं? आणि चीनने पैसे हौसेने नाही ओतले. निर्यातीचे कारखाने बंद पडून तिथल्या सुमारे २ कोटी स्थलांतरित कामगारांचं काम गेलं होतं. गोव्याचं खनिज वाचलं ते चीनने तिजोरी उघडली म्हणून. मंदी चीनमध्येच आली, तर त्या खनिजाचं काय? आपण वाचलो यात आपली हुशारी थोडी होतीच, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डींनी घरबांधणीच्या कर्जांना आधीच लगाम घातला होता. पण स्वस्त तेलाला आपली हुशारी म्हणू नका. जगाने कारखाने थांबवले म्हणून ते स्वस्त झालं होतं. शिवाय डॉलर वर्षभरात ४० रुपयांवरून ५० ला गेला, तेलाचं बिल डॉलरमध्येच येतं.

हिशेबनीस
बरं, ‘काय फरक पडतो’ हे मागे घेतो. देश बुडाला नाही, हे नाही घेत.

भोसरीकर
देश बुडाला असं मी कुठे म्हटलं? रेपो पावणेपाच झाला तेव्हा माझ्या सीएनसीच्या कर्जाचा दर मात्र पहिल्याइतकाच होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, वरून सर्क्युलर आलेलं नाही. चार गड्यांपैकी एक २०१० मध्ये परत आला, तोच आता सीएनसी चालवतो.