रूटचा पासवर्ड बरोबर, तरी एसएसएच आत घेईना (फ्रीबीएसडी १२)

खानापूरचा_पाऊस:
बेळगावात उद्यमबागेत मामांच्या वर्कशॉपात एक जुना पीसी हाय, त्यात फ्रीबीएसडी १२ ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम, ड्रॉइंगच्या सगळ्या फायली त्यातच. मी खानापुरातनं रात्री एसएसएचनं (लांबनं पीसीवर लॉगिन करायची सोय) जोडतो. रूटनं (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर) लॉगिन केलं की परमिशन डिनाइड, आणि तोच पासवर्ड तिथं कीबोर्डवर मारला की चालतोय! साध्या युजरनं आत जाता येतंय पण तिथनं रूट व्हायला एसयू कमांड मारली की नुसतं सॉरी म्हणतंय. वर व्हीआय एडिटर उघडायला गेलं तर टर्मिनलच ओळखत नाही. लॅपटॉपवर कमांड मारायला किटी नावाचं टर्मिनल हाय. पावसात परत बेळगावला गाडी मारायची नाही म्हणून विचारतोय.

निपाणी_टर्मिनल:
एसएसएचडीच्या (पीसीवरचा एसएसएच सर्व्हर) कॉन्फिगमधी परमिटरूटलॉगिन, म्हंजे रूटला लांबनं शिरायची मुभा, यस कर आणि सर्व्हिस रिस्टार्ट कर, दोन मिनटाचं काम.

टिळकवाडीकर:
अरे तसलं सांगू नको की त्याला. एसएसएचचा पोर्ट बाहेर इंटरनेटला उघडा असला तर दिवसभर बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) रूटच्या नावानं पासवर्ड ठोकत बसत्यात. फ्रीबीएसडीत ते मुद्दाम नो असतंय, एसएसएचचा प्रोग्राम ओपनएसएसएच, त्यानं पण २०१५ ला ७.० मधी रूटला पासवर्डनं शिरणं डिफॉल्टला बंद केलं. आणि ती फाईल बदलायलाच रूट लागतोय, हा आत जाणार कसा?

खरी गोम व्हील ग्रुपात हाय, एसयूनं रूट व्हायची मुभा त्यातल्या युजरांनाच असती. तुझा युजर व्हीलमधी नसला की पासवर्ड कितीबी बरोबर असू दे, एसयू सॉरीच म्हणणार. त्यासाठी मशीनसमोर एकदा जावंच लागणार बाबा. रूटनं अशी कमांड मार: पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हील, मग डॅश लावून बारका एम, मग तुझं नाव. मोठा एम मारलास तर ग्रुपातले आधीचे सगळे उडून एकटा तूच राहशील, रूटसकट. मग तुझ्या युजरनं लॉगआउट होऊन परत आत ये, चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही.

किटी स्वतःला एक्सटर्म-किटी म्हणवून घेतंय, जुन्या पेटीला ते नाव माहीत नाही. टर्म या सेटिंगमधी टर्मिनलचं नाव असतंय, त्याला एक्सटर्म दे, झालं.

खानापूरचा_पाऊस:
गेलो शेवटी, भिजत. व्हील झालं, एसयू चालालंय, आभार! पण रूट झाल्यावर एक्सपोर्ट टर्म मारलं तर म्हणतंय कमांडच सापडत नाही??

टिळकवाडीकर:
रूटचा शेल, म्हंजे कमांड घेणारा प्रोग्राम, सीएसएच हाय तिथं, त्याला एक्सपोर्ट कळत नाही. सेटएनव्ही टर्म एक्सटर्म असं मार, मधी बरोबरचं चिन्ह नको. २०२३ च्या फ्रीबीएसडी १४.० पासनं रूटला एसएच शेल दिलाय, तिथं एक्सपोर्ट चालतंय. आणि १२ चा सपोर्ट त्याच डिसेंबरात संपलाय, मामांना सांग.

खानापूरचा_पाऊस:
व्हीआय झकास उघडलं. पण लिहिता लिहिता स्क्रीन गपगार, काय दाबलं तरी हलंना, सेशन तोडून परत जोडलं. दोनदा झालं हे.

निपाणी_टर्मिनल:
वर्डच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबतोस काय सेव्ह करायला?

खानापूरचा_पाऊस:
…हो.

निपाणी_टर्मिनल:
कंट्रोल-एसनं इथं सेव्ह होत नाही, टर्मिनल थांबतंय. कंट्रोल-क्यू दाब, सुटतंय.