इचलकरंजी: यंत्रमाग, खळ आणि पंचगंगा

प्रश्न:
इचलकरंजीत यंत्रमाग कधी आले? मजुरी 'पिकावर' ठरते म्हणजे कशी? आणि माग तर विजेवर चालतात, मग पंचगंगेच्या प्रदूषणात कापडधंद्याचं नाव का येतं?

प्रतिसाद १:
पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला. गाव तेव्हा घोरपड्यांच्या जहागिरीत होतं आणि श्रीमंत नारायणराव बाबासाहेबांनी या धंद्याला पाठबळ दिलं.

पीक म्हणजे आडवा धागा. मजुरी मीटरवर मिळते, पण दर ठरवताना ५२ पिकाचं कापड आधाराला धरतात. इंचाला ५२ म्हणजे मीटरला साधारण २,०४७ पिकं. साधा माग मिनिटाला १४० पिकं मारत असेल तर तासाला ८,४००, म्हणजे न थांबता ४.१ मीटर. पण धागा तुटतो, आडव्या धाग्याची कांडी संपते. माग ७५ टक्के वेळ चालतो असं धरलं तर १२ तासांच्या पाळीत जेमतेम ३७ मीटर निघतात. पीक वाढलं की मीटर घटतात, म्हणून दर चढवावा लागतो.

प्रतिसाद २:
धागा किती तुटतो यात सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ देण्याचा, वाटा मोठा आहे. उभा धागा मागाच्या वही-फणीतून (धागे वर-खाली करणारी ती वही, आडवा धागा ठोकणारी ती फणी) सतत घासला जातो, म्हणून आधी त्याला खळ देतात. वॉर्पिंगचे बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले मोठे रूळ, एकत्र करून सूत स्टार्चच्या गरम खळीतून जातं, रोलर जादा खळ पिळून काढतात, मग वाफेच्या सिलिंडरवर ते सुकतं. सुती धाग्यात ७–८ टक्के ओल राहायलाच हवी. जास्त वाळलं तर सूत ठिसूळ होऊन मागावर तटातट तुटतं. ओलं राहिलं तर बीमवर धागे चिकटतात, बुरशी धरते. खळ कमी पडली तर तूस उठतं. सायझिंग बिघडलं की विणकराची मजुरी बुडते, त्याचा हात कितीही चांगला असो.

प्रतिसाद ३:
नदीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. विणायला पाणी फारसं लागत नाही, प्रोसेसला, म्हणजे कापड धुऊन रंगवायला, लागतं. ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड रंगवण्याआधी हीच खळ धुऊन काढतात. ते पाणी प्रक्रिया न करता सोडलं तर खळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. वर कॉस्टिक सोडा आणि रंग असतातच. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं मुळीच नाही. विरघळलेलं मीठ तसंच राहतं.

पण सगळा दोष प्रोसेसवर टाकू नका. कोल्हापूरपासूनचं सांडपाणीही याच नदीत येतं, उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागे साचतं आणि त्यावर जलपर्णी माजते. २०१२ मध्ये इचलकरंजी शहरात काविळीची साथ आली. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ मैल्यामुळे होते, रंगामुळे नव्हे. म्हणून कारखान्यांच्या पाण्याइतकीच मैलाशुद्धीकरणाचीही चौकशी करा.