घरच्या सुतारकामासाठी पहिली हत्यारे कोणती घ्यावीत आणि ती कशी राखावीत?

नवा_रंधा

नमस्कार. घरातील एक लहान खोली मी सुतारकामासाठी मोकळी केली आहे. पुस्तकांचे कपाट, एकदोन स्टुले आणि जमल्यास पुढे एक लिहिण्याचे टेबल, एवढेच सध्या मनात आहे. यातून व्यवसाय करायचा नाही. पण जे करेन ते खिळ्यांवर न भागवता कुसू (फळीच्या टोकाला कोरलेली जीभ) आणि खाच (ती बसण्याचा खळगा) यांच्या सांध्यांनी करावे, अशी इच्छा आहे.

हत्यारांच्या याद्या वाचू लागलो की गोंधळ वाढतो. कुणी पटाश्यांचा, म्हणजे लाकूड कोरण्याच्या सपाट पात्याच्या छिन्न्यांचा, मोठा संच घ्यायला सांगतात, तर कुणी टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, घेतल्याशिवाय सुरुवातच करू नका म्हणतात. पहिल्या टप्प्यात खरोखर काय लागते, आणि हातहत्यारे व विजेवरची हत्यारे यांचे प्रमाण कसे ठेवावे, हे जाणकारांनी सांगावे.

दुसरा प्रश्न देखभालीचा आहे. माझ्याकडची १२ मिलिमीटरची पटाशी नवीन आहे आणि बोट लावले तर धार जाणवते. तरीही पाइनच्या फळीच्या टोकावर, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू आडवे छेदले जातात तिथे, ती चालवली की लाकूड कापले न जाता चिरडते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. दोष लाकडाचा आहे की पटाशीचा?

झिलपी

दोष धारेचा आहे. पाइनसारख्या मऊ लाकडाचे टोक ही धारेची सर्वांत कठोर परीक्षा असते, कारण तिथले तंतू पटाशीला फारसा विरोध न करता वाकतात आणि मुळापासून उपटले जातात. सागवानासारख्या घट्ट लाकडावर हीच पटाशी कदाचित बरी चालली असती आणि दोष झाकला गेला असता. बोटाला जे लागते ती पुष्कळदा धार नसतेच. घासताना पात्याच्या पलीकडच्या बाजूला दुमडून राहिलेली पोलादाची बारीक कड असते.

धार म्हणजे पटाशीची सपाट पाठ आणि पुढचा उतार ही दोन पृष्ठे जिथे मिळतात ती रेषा. यांतले एक जरी खडबडीत असले तरी ती रेषा स्वच्छ होत नाही. नवी पटाशी उजेडात तिरकी धरून पाठ पाहा. यंत्रावर घासल्याच्या समांतर रेघा दिसतील. त्या रेघा धारेपर्यंत पोहोचत असतील तर धार मुळातच दातेरी आहे. म्हणून आधी पाठीचा टोकाकडचा दोनअडीच सेंटिमीटर भाग दगडावर पूर्ण सपाट ठेवून आरशासारखा होईपर्यंत घासावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण प्रत्येक हत्याराच्या आयुष्यात ते एकदाच करावे लागते.

त्यानंतर उतार. नेहमीच्या कामाच्या पटाशीला २५ अंशांचा मूळ उतार आणि अगदी टोकाला ३० अंशांची अरुंद पट्टी ठेवली, तर प्रत्येक वेळी एवढीशी पट्टीच घासावी लागते. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडावर घासत असताना पाठीच्या बाजूने, धारेच्या आडवे बोट बाहेरच्या दिशेने हलके फिरवून पाहा. पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग कड उठलेली जाणवली, की उतार धारेपर्यंत पोहोचला असे समजावे. त्याआधी पुढच्या दगडावर जाण्यात अर्थ नाही. मग ६००० किंवा ८००० ग्रिटच्या दगडावर पट्टी चकचकीत करून शेवटी पाठ सपाट टेकवून ती कड काढून टाकावी.

तपासण्यासाठी बोटापेक्षा डोळा बरा. दिव्याखाली धार सरळ आपल्याकडे वळवून पाहा. बोथट जागा प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे तिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो. खऱ्या धारेवर काहीच दिसत नाही. त्यानंतर त्याच पाइनच्या टोकावर पातळ झिलपी काढा. ती अखंड निघाली आणि खालचे लाकूड गुळगुळीत राहिले, तर काम झाले.

विजेच्या सहाणेवर घाईने घासू नका. साध्या कार्बन पोलादाची धार निळी पडली की तिचे पाणी, म्हणजे तापवून दिलेला कठीणपणा, उतरलेले असते; तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकत नाही. दगडही झिजून मध्यभागी खोलगट होतात आणि खोलगट दगडावर पाठ सपाट राहत नाही. दगडावर पेन्सिलीने जाळी काढून, जाड काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर तो पाण्याने घासावा. जाळी पूर्ण पुसली गेली की दगड सपाट झाला.

आता निवडीविषयी. माझे ठाम मत आहे की पहिली खरेदी धार लावण्याच्या साधनांची असावी, आणि आपण जितक्या पात्यांची धार राखू शकतो तितकीच पाती घरात असावीत. ६, १२ आणि २५ मिलिमीटरच्या तीन चांगल्या पटाश्या, सुमारे ३५५ मिलिमीटर लांबीचा ५ नंबरचा एक रंधा, दोन करवती, पटाशीवर ठोकायची लाकडी मोगरी, आखणीची साधने आणि क्लॅम्प एवढ्यात तुमचे कपाट व स्टुले दोन्ही होतील. मोठ्या संचातल्या निम्म्या पटाश्या वापराविना गंजतात.

गुण्यात_आहे

झिलपी यांच्याशी बहुतेक सहमत आहे. फक्त एक भर घालतो. नवशिक्याने धार लावताना कोन धरून ठेवणारे चाकाचे गाइड अवश्य वापरावे. हाताने कोन राखण्याची सवय पुढे होईलच, पण सुरुवातीला उतार गोल होत गेला तर चूक नेमकी कुठे होते हे कळत नाही आणि माणूस हत्याराला दोष देऊ लागतो.

आखणीच्या साधनांकडे लोकांचे दुर्लक्ष होते, याचे मला वाईट वाटते. गुण्या, म्हणजे काटकोन आखण्याचे साधन, चुकीचा असेल तर उत्तम धारेच्या पटाशीनेही सांधा उघडाच राहील. तो तपासणे सोपे आहे: सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून धारदार चाकूने रेघ मारावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर तो खरा. त्या फाकल्या तर जे अंतर दिसते ते प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीक दोषही नजरेतून सुटत नाही. खाली पडलेला गुण्या तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

करवती दोन हव्यात, कारण दोन कामे वेगळी आहेत. तंतूंच्या दिशेने चिरण्याच्या करवतीचे दात छोट्या पटाश्यांसारखे सरळ घासलेले असतात आणि ते लाकूड खरवडून काढतात. आडव्या कापाच्या करवतीचे दात तिरके घासलेले असतात आणि ते तंतू चाकूप्रमाणे छेदतात. कुसूचे गाल, म्हणजे तिच्या दोन रुंद बाजू, चिरायला आडव्या कापाची करवत वापरली तर काम रेंगाळते. विकत घेताना हेही पाहा, की दातांची टोके निळसर काळी दिसत असतील तर ती उष्णतेने कठीण केलेली असतात. अशा दातांना कानस लागत नाही. सांध्यांच्या कामाला कानशीने पुन्हा धार लावता येईल अशीच करवत घ्यावी. करवत सतत एकाच बाजूला ओढली जात असेल, तर बहुधा त्या बाजूचे दात जास्त फाकलेले असतात. त्या बाजूवरून बारीक दगड एकदा हलका फिरवून पुन्हा कापून पाहावे.

फिरते_पाते

विजेवरच्या हत्यारांबद्दल लिहितो. जागा लहान आहे आणि सांधे हाताने करायचे आहेत, तर टेबल सॉ सध्या टाळावा. ड्रिल आधी घ्या. त्यानंतर मोठे तक्ते कापायचे झाल्यास १८५ मिलिमीटर पात्याची सर्क्युलर सॉ (हातात धरायची गोल पात्याची विजेची करवत) आणि तिला टेकायला एक सरळ पट्टी पुरते. पाते बोथट झाले असे वाटले की आधी ते स्वच्छ करून पाहा. दातांवर डिंक व राळ साचली की पाते लाकूड जाळू लागते, आणि साफ केल्यावर तेच पाते पुन्हा नीट चालते. पाते काढण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलेला किंवा बॅटरी वेगळी केलेली असलीच पाहिजे. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नका. मोजा अडकला तर तो हाताला आत ओढतो.

भुशाचे गांभीर्यही लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. बंद खोलीत सँडर चालवताना व्हॅक्यूम जोडलेला आणि तोंडावर नीट बसणारा मास्क चढवलेला असावा.

नवा_रंधा

सर्वांचे मनापासून आभार. पटाशीची पाठ उजेडात पाहिली. रेघा थेट धारेपर्यंत आहेत. दगड आणि गाइड आधी घेतो. शेवटचा प्रश्न: ओळखीतून एक जुना, गंजलेला लोखंडी रंधा मिळतो आहे. तो घ्यावा का, आणि दमट हवेत पुढे गंज कसा आवरावा?

झिलपी

वरवरचा गंज असेल तर जरूर घ्यावा. पाहायच्या गोष्टी दोन. पाते बाहेर येते त्या तोंडापाशी ओतीव लोखंडाला तडा असेल तर रंधा सोडून द्या. आणि पात्याच्या पाठीवर धारेजवळ गंजाने खोल खड्डे पाडले असतील, तर नवे पाते लागेल असे धरून चाला, कारण पाते घासत गेलो की प्रत्येक खड्डा कधीतरी धारेवर येतो. सुटे भाग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवून ब्रशने घासावेत, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करावेत आणि तेल लावावे. व्हिनेगरमध्ये ते अनेक दिवस विसरू नयेत, कारण गंज संपला की आम्ल पोलादालाच लागते.

पुढे गंज आवरायचा तर काम संपल्यावर भुसा झटकणे सर्वांत महत्त्वाचे. लोखंडावर पडून राहिलेला भुसा हवेतला ओलावा धरून ठेवतो. त्यानंतर खनिज तेलाचा किंचित ओला फडका पात्यांवर व रंध्याच्या तळावर फिरवावा. लाकडी मुठींना जवसाचे तेल चालते, मात्र त्याचा फडका चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि घडीत कोंडलेल्या उष्णतेने फडका आपोआप पेट घेऊ शकतो. तो पसरून उघड्यावर पूर्ण वाळवावा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावा.