दुकानात काम आणि दमा: आपापले अनुभव लिहा

औषध डॉक्टर देतात, पण दिवसभर दुकानात उभं राहून दमा कसा सांभाळायचा, हे काम करणाऱ्यांनाच ठाऊक. तुम्हाला नेमका कशाचा त्रास होतो, काय जमलं, काय फसलं, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून, त्याखाली बाकीच्यांचे अनुभव.

कापड दुकान, काउंटर. धूळ! नव्या मालाची खोकी फोडली की पुठ्ठ्याची आणि धाग्यांची बारीक भुकटी उडते. त्यात सकाळी शटर उघडलं की कोरड्या झाडूने झाडायचं, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत माझी छाती वाजायला लागलेली. आम्ही दोघींनी मालकांच्या मागे लागून झाडणं रात्री बंद करतानावर नेलं. रात्रभरात धूळ खाली बसते, सकाळी फक्त ओलं पुसायचं. रॅकवरही झटकणी नाही, ओलं फडकं. खोकी आता मागच्या दाराबाहेर फोडतात. एवढ्यानेच निम्मा त्रास गेला.

सौंदर्यप्रसाधनं. आमच्याकडे धूळ नाही, पण परफ्यूमचे टेस्टर आहेत. मास्क लाव म्हणून सगळे सांगतात. साधा एन-९५ धुळीचे कण अडवतो, वास म्हणजे वाफ, ती आरपार जाते. शेवटी टेस्टर दाराजवळ हलवले आणि मला बिलिंगला बसवलं. मास्क पर्समध्येच पडून आहे.

बेकरी. माझी गोष्ट जरा वेगळी. लहानपणी दमा नव्हता, पिठात काम करून काही वर्षांनी सुरू झाला. आधी नाक गळायचं, शिंका यायच्या, ते सर्दीवर ढकललं जायचं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "सुट्टीत बरं वाटतं का?" वाटायचं! मग पीक फ्लो मीटर दिलं, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं साधन. नळीत जोरात फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही, काही आठवडे. कामाच्या दिवसांचे आकडे सरळ खाली. पिठाच्या धुळीने दमा होतो हे जुनं दुखणं आहे, आणि अशी अ‍ॅलर्जी एकदा जडली की थोडंसं पीठही पुरतं. मी भट्टीकडचं काम सोडून विक्रीला आलो. पगार कमी झाला, त्याचा राग अजून आहे.

साफसफाई. ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू होतो. बाकी स्प्रे हवेत मारण्यापेक्षा फडक्यावर ओता.

डीप फ्रीझरमध्ये माल लावणारा. गार हवेने लगेच धाप लागते. नाकातोंडावर मफलर, श्वास नाकाने. आत जाण्याआधी पंप (इनहेलर) घ्यायला डॉक्टरांनी सांगितलंय, ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

बेकरीवाल्यांच्या अनुभवाला पुरवणी. निळ्या पंपाने पटकन मोकळं वाटतं म्हणून रोजचा स्टेरॉइडचा पंप सोडू नका, श्वासनळ्यांची सूज तोच उतरवतो. नुसत्या निळ्यावर राहू नका, असं 'जीना' या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शनातही २०१९ पासून आहे. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरा.

दुकानमालक. माझ्याकडच्या एका मुलाला दमा आहे. त्याचा जादा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) गल्ल्याच्या खणात असतो, कुलूप न लावता, आणि तो कसा द्यायचा हे सगळ्यांना दाखवलंय. धाप लागली तर ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा पंपाने उतार पडेना, तर थेट रुग्णवाहिका. गिऱ्हाईक थांबेल.

झेरॉक्सचं दुकान. टोनर (मशीनमधली शाईची पूड) बदलताना मला खोकला येतो. बंद खोलीत मशीन असलेलं कुणी आहे का इथे? एक्झॉस्ट कुठे बसवला?