‘शटडाउन’ आदेशात सक्ती लिहिली नसतानाही जतन न केलेले काम का गेले?

प्रश्न: काल रात्री मोठी फाइल डाउनलोडला लावून मी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘शटडाउन /एस /टी ३६००’ (म्हणजे तासाभराने संगणक बंद कर) असा आदेश दिला आणि झोपलो, सकाळी पाहिले, तर उघडे राहिलेले दोन पानी पत्र जतन न होताच गेले होते. सक्तीचा ‘/एफ’ मी लिहिलाच नव्हता, मग असे का झाले?

उत्तर १: ‘/टी’पुढे शून्यापेक्षा मोठा आकडा दिला की ‘/एफ’ आपोआप लागू होतो, त्यामुळे वेळ भरताच उघडे प्रोग्रॅम सक्तीने बंद केले जातात. हा आकडा सेकंदांचा असतो. तेवढ्या अवधीत विचार बदलला, तर ‘शटडाउन /ए’ लिहून आदेश रद्द करता येतो. संगणक पुन्हा सुरू करायचा असल्यास ‘/एस’च्या जागी ‘/आर’ लिहावे.

उत्तर २: लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीवर हिशेब मिनिटांचा असतो, हे दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ‘शटडाउन -आर +१०’ लिहिल्यास दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू होते आणि ‘शटडाउन -सी’ने ते थांबवता येते. सर्व्हरवर मात्र ‘नाऊ’ (म्हणजे लगेच बंद) लिहिण्याआधी ‘हू’ हा आदेश चालवून आणखी कोण लॉग-इन आहे ते पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ‘/टी’चा हा परिणाम मला ठाऊकच नव्हता.